रॅप कॉन्सर्टमध्ये शब्द ऐकू यायचे असतील तर

वर्षानुवर्षं ज्याचे अल्बम तोंडपाठ आहेत, त्या रॅपरला पहिल्यांदा समोर ऐकून आलेल्या चाहत्याची एक ठरलेली तक्रार असते : बेस छातीत घुमला, पण शब्द काही कळले नाहीत. मग खापर रॅपरवर फुटतं. कधी ते योग्यही असतं, पण बऱ्याचदा चूक उभं राहण्याच्या जागेची असते, नाहीतर कानात घातलेल्या बोळ्याची. गाण्यात आवाज थोडा विरला तरी चाल ओळखता येते. रॅपमध्ये व्यंजनं विरली की हातात काही उरत नाही. म्हणून सगळी तयारी व्यंजनांसाठी करायची.

आधी जागा. बॅरिकेडला चिकटून रॅपर सगळ्यात जवळून दिसतो, पण ऐकायला ती जागा बेताचीच. वर टांगलेल्या स्पीकरच्या रांगांचा रोख तुमच्या डोक्यावरून मागच्या गर्दीकडे असतो आणि सबवूफर, म्हणजे बेसचे मोठे स्पीकर, मात्र थेट पुढ्यात. शब्द येतात ते स्टेजच्या कडेला ठेवलेल्या छोट्या स्पीकरमधून, तेही ठेवले असतील तर. सगळ्यात चांगली जागा म्हणजे मिक्सिंग डेस्कच्या जरा पुढे किंवा शेजारी. साउंड इंजिनिअर तिथे बसूनच आवाज जुळवतो, त्यामुळे त्याला जे ऐकू येतं तेच तुम्हाला.

सबवूफर स्टेजच्या डाव्या-उजव्या बाजूला असतील तर मैदानाच्या बरोबर मधल्या पट्ट्यात दोन्हीकडचा बेस एकाच वेळी पोचतो आणि दुणावतो. तिथे शब्द बुडत असतील तर मागे जाऊ नका, आडवे सरका. ५० हर्ट्झच्या बेसच्या लाटेची लांबी जवळपास ७ मीटर असते. तीन-चार मीटर बाजूला गेलं की दोन्हीकडच्या लाटा एकमेकींना खायला लागतात आणि आवाज मोकळा होतो. बाल्कनीच्या खालचा मागचा भाग मात्र टाळाच. वरून येणारे बारीक स्वर तिथे अडतात आणि बेस तेवढा पोचतो.

फार मागे उभं राहिलं तर आणखी एक गंमत होते. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे ३४ मीटरला एक दशांश सेकंद उशीर. मिनिटाला ९० ठोक्यांच्या बीटवर एका ठोक्याचा चौथा भाग ०.१७ सेकंदाचा असतो. ५७ मीटरवर तुम्ही नेमके तेवढे मागे असता. मोठ्या पडद्यावरचे ओठ आणि शब्द जुळत नाहीत ते यामुळे. तिथून हात वर-खाली करायचे तर कानाला धरून करा, पडद्याकडे बघून नको.

इअरप्लगशिवाय जाऊ नका. ८५ डेसिबलला आठ तास ही कामाच्या ठिकाणची सर्वसाधारण शिफारस आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. हिशेब केला तर १०० डेसिबलला पंधरा मिनिटं उरतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा कार्यक्रमांसाठी घातलेली सरासरीची मर्यादाही १०० डेसिबलच आहे, आणि शो तर दोन तास चालतो. पण फोमचे स्वस्त बोळे बारीक स्वर जास्त कापतात. स, श, ट, क ही अक्षरं आधी गायब होतात आणि घरी जाऊन लोक म्हणतात, इअरप्लगमुळे मजा गेली. संगीतासाठी बनवलेले, आत फिल्टर असलेले प्लग घ्या. ते सगळे स्वर साधारण सारखेच, १५ ते २० डेसिबलने खाली आणतात. उजव्या कानात घालताना डावा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढायचा, मग प्लग हलकेच फिरवत आत सरकवायचा. फोमचाच असेल तर आधी वळून बारीक करा, आत घालून अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवा. एखादा शब्द बोलून बघा : घागरीत तोंड घालून बोलल्यासारखं घुमलं की नीट बसला. आणि हे मुख्य रॅपरच्या आधी येणाऱ्या पहिल्या कलाकाराच्याही आधी करायचं. कान बधिर झाल्यावर घातलेला प्लग फक्त आवाज कमी झाल्यासारखा वाटतो.

आता रॅपरच्या बाजूने. चार ठोक्यांचा एक बार, आणि सोळा बारचा एक वर्स (रॅपचं कडवं) म्हणजे ६४ ठोके. ९० च्या बीटवर ते ४३ सेकंद, १४० वर जेमतेम २७. स्टुडिओत चार-चार ओळी तोडून रेकॉर्ड करता येतात, त्यामुळे अल्बममध्ये श्वासाला जागाच ठेवलेली नसते. स्टेजवर तोच माणूस इकडून तिकडे धावत असतो. म्हणून ओळींची शेपटं हाइपमॅन, म्हणजे स्टेजवरचा साथीदार, म्हणतो, काही शब्द प्रेक्षकांवर सोडले जातात, आणि डीजेच्या ट्रॅकमध्ये मूळ आवाज हलका ठेवलेला असतो. हुक (परत परत येणारी ओळ) आणि अ‍ॅडलिब (मध्येमध्ये टाकलेले उद्गार) ट्रॅकवर असायला माझी हरकत नाही, पण अख्खा वर्स ट्रॅकवर सोडून नुसते हातवारे करणं ही फसवणूकच. ओळखणं सोपं आहे : माइक तोंडापासून दूर गेला आणि आवाज तसाच राहिला, की समजा. खरी परीक्षा बघायची तर डीजे बीट तोडतो आणि चार बार नुसत्या आवाजावर जातात तिथे कान टवकारा.

माइक कसा धरलाय तेही बघा. बऱ्याच रॅपरना जाळीचा गोळा मुठीत धरायची सवय असते. त्या माइकला फक्त समोरचं ऐकू यावं म्हणून मागच्या बाजूने हवेला वाट ठेवलेली असते. मूठ ती वाट बुजवते. मग माइक चारी बाजूंचं ऐकायला लागतो, मॉनिटरचा (रॅपरकडे तोंड केलेल्या स्टेजवरच्या स्पीकरचा) आवाज आत शिरतो, शिट्टी वाजते, आणि शब्द डब्यातून आल्यासारखे होतात. इंजिनिअरकडे आवाज खाली घेण्यापलीकडे फारसा उपाय उरत नाही. उलट टोकाला, ओठांपासून २ सेंटिमीटरवरचा माइक ८ वर गेला की आवाज १२ डेसिबलने पडतो. दमलेला रॅपर तिसऱ्या-चौथ्या गाण्याला विझत चालल्यासारखा वाटतो, तेव्हा हात हनुवटीखाली घसरलाय का बघा.

पिटमध्ये, म्हणजे स्टेजसमोरच्या दाट गर्दीत, जाणार असाल तर गर्दी वाचायला शिका. एका चौरस मीटरमध्ये पाच माणसांपर्यंत तुम्ही स्वतःच्या पायांवर असता. त्यापुढे धोका झपाट्याने वाढतो आणि सहा-सातला गर्दी पाण्यासारखी हलते. ५ नोव्हेंबर २०२१ रोजी ह्यूस्टनच्या अ‍ॅस्ट्रोवर्ल्ड या रॅप महोत्सवात दहा जण गेले ते दबावाखाली श्वास कोंडून. धोका पायाखाली येण्यापुरता नसतो, उभ्या माणसाची छातीही फुगेनाशी होते. दोन्ही खांदे सतत कोणाला तरी लागत असतील आणि हात चेहऱ्यापर्यंत नेता येत नसेल, तर आवडतं गाणं बाकी असलं तरी निघा. हात मुठी वळून छातीसमोर ठेवा, लाट आली की तिच्याबरोबर जा, ओसरली की तिरपं बाजूला सरका. थेट उलट दिशेने ढकलू नका.

तिकिटाचं एकच : कोड दर काही सेकंदांनी बदलणारा असेल तर स्क्रीनशॉट दारावर चालत नाही, आणि दारापाशी हजारो फोन असल्याने नेट रांगतं. तिकीट निघण्याआधीच फोनच्या वॉलेटमध्ये उतरवून ठेवा.

व्हिडिओ घ्यायचाच तर एका गाण्याचा घ्या. बेसच्या दणक्याने फोनचा माइक आवाज आपोआप खाली ओढतो, म्हणून क्लिपमध्ये प्रत्येक ठोक्यानंतर शब्द दबतो. माइकचं भोक बोटाने झाकून हे सुटत नाही, उलट शब्द आणखी बसतात. डेस्कजवळून घेतलेली क्लिप त्यातल्या त्यात बरी येते.

परतताना तोच अल्बम हेडफोनवर लावायची अनावर इच्छा होते. लावू नका. मोठ्या आवाजाने थकलेला कान ४,००० हर्ट्झच्या आसपास सगळ्यात जास्त मंदावतो, आणि व्यंजनांची धार त्याच भागात असते. रेकॉर्ड बोथट वाटेल आणि तुम्ही आवाज वाढवाल. कानातला शिट्टीसारखा आवाज साधारण एक-दोन दिवसांत जातो. त्यानंतरही राहिला, किंवा एका कानाला एकदम कमी ऐकू यायला लागलं, तर लगेच कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवा. एकदम कमी झालेल्या ऐकण्यावर उपचार जितके लवकर सुरू होतील तितकं बरं.