पेटीवाल्याच्या बाजूची जागा

शाळेच्या महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिही, असा फोन आला तेव्हा मी आधी विचारलं, "अरे, पण माझ्याकडून कशाला?" शाळेच्या कुठल्याच फळ्यावर माझं नाव नाही. गुणवत्ता यादीत नाही, कबड्डीत नाही. गॅदरिंगच्या नाटकात एकदाच काम केलं, त्याचं काय झालं ते पुढे येईलच. पण फोनवरचा वर्गमित्र म्हणाला, "तू दशावतारार लिही. तुझ्याइतकी नाटकां आमच्यात कोणी बघूक नाय." हे मात्र खरं आहे. दशावतार म्हणजे आमच्याकडच्या जत्रांत रात्रभर चालणारं, पुराणकथांवरचं लोकनाट्य.

आमच्या कुडाळच्या बाजूला त्रिपुरी पौर्णिमा आली की जत्रांचे दिवस सुरू होतात. आज या गावची, उद्या शेजारच्या गावची. देवाची पालखी फिरून झाली की मध्यरात्रीच्या सुमाराला देवळासमोर नाटकाला उभं राहतात, ते पहाटे दहीकाला होईपर्यंत. दुसऱ्या दिवशी शाळेत पहिल्या तासाला अर्धा वर्ग पेंगत असायचा. बाकीचे शिक्षक खडू मारायचे. मराठीच्या बाई मात्र विचारायच्या, "काल आख्यान कुठलं लागलं होतं?" आणि ज्याने उत्तर दिलं त्याला फळ्यापाशी बोलावून ते सांगायला लावायच्या. झोप उडवायचा याहून जालीम उपाय मी पाहिलेला नाही.

सहावीत असताना आमच्याच गावच्या जत्रेत गर्दीत माझ्या हातून आतेचा हात सुटला. ढकलाढकलीत मी मंडपाच्या कडेला, थेट पेटीवाल्याच्या मांडीशी जाऊन पडलो. त्याने वरून खाली पाहिलं आणि म्हणाला, "हंय बस रे झिला. पण पेटयेर हात लावू नको हां." त्या रात्री मी पहिल्यांदा दशावतार 'बाजूने' पाहिला, आणि तेव्हापासून समोर बसायचं सोडलं.

समोरून राजा दिसतो. बाजूने राजा कसा तयार होतो ते दिसतं. दशावताराला लिहिलेली संहिता नसते. कथा कुठली लावायची ते मंडळी रंगपटात बसून ठरवतात, पात्रं वाटून घेतात, आपापला चेहरा आपणच रंगवतात आणि पुढचे संवाद उभ्या उभ्या बोलतात. मग पेटीवाल्याला पद कधी येणार ते कसं कळतं? मला हे कोडं दोन वर्षं सुटलं नव्हतं. मग लक्षात आलं की गायला येणारा नट वाक्याचा शेवटचा शब्द थोडा ओढतो आणि बोलता बोलता पेटीच्या बाजूला अर्धं पाऊल टाकतो. तेवढ्यावर यांचा सूर लागलेला असतो. समोरच्या हजार माणसांपैकी कोणाला ते अर्धं पाऊल दिसत नाही.

आणखी एक गोष्ट बाजूनेच दिसली. रंगपटाच्या पडद्याआड नऊवारी नेसलेला स्त्रीपार्टी उकिडवा बसून विडी ओढत होता. झांज वाजली तशी त्याने विडी दगडावर विझवली, कानामागे ठेवली, पदर सारखा केला आणि बाहेर जाऊन असा विलाप मांडला की समोर आते डोळ्यांना पदर लावून बसली. हा माणूस पावसात नांगर धरतो हे तिला ठाऊक होतं. तिच्या माहेरच्या वाडीतलाच होता तो. "म्हणान काय झाला? राणीचो झील गेलो मा!" हे तिचं उत्तर. अभिनयावरची पुस्तकं मी नंतर वाचली, पण आतेच्या त्या वाक्यापुढे कुणी गेलेलं मला तरी दिसलं नाही.

बाईंनी मला एक शंभरपानी वही दिली. अट एकच. 'मजा आली', 'छान झालं' ही वाक्यं निबंधात चालतील, या वहीत नाही. डोळ्यांना काय दिसलं तेवढंच लिहायचं. विडीचा प्रसंग मी जसाच्या तसा लिहिला. शाळेच्या वहीत विडी! मला वाटलं, आता आईला बोलावणं येणार. बाईंनी समासात लाल शाईने एवढंच लिहिलं होतं: 'कोणत्या कानामागे?' उजव्या. मी अजून विसरलेलो नाही.

आठवीची सहल पिंगुळी आणि सावंतवाडीला गेली. गोवा नाही म्हणून पोरं फुरंगटून बसली होती. पिंगुळीच्या ठाकर मंडळींनी चित्रकथी दाखवली. पोथीतलं एकेक चित्र पुढे यायचं आणि कथेकरी गाऊन रामायण सांगायचा. चित्र हलत नाही, तरी युद्ध होतं, हे मला फार नवलाचं वाटलं. पुढे तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली तेव्हा मी बँकेत पेढे वाटले. लोक विचारत होते, तुमचे कोण? काय सांगणार! सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफा, म्हणजे हाताने रंगवायचे खेळाचे पत्ते, रंगवताना पाहिल्या. दशावतारी गंजिफेची पानं १२०, प्रत्येक अवताराची बारा, सगळी गोल. एका पोराने विचारलं, "यात गुलाम कुठलो?" बाई इतक्या हसल्या की राजवाड्यातली माणसं वळून पाहू लागली.

आता ते गॅदरिंग. नववीत आम्ही दशावतार बसवला आणि मला संकासुर दिला. वेद पळवणारा असुर, काळा पोशाख, मालवणी बोलणं, लोकांना हसवणं. काम सोपं होतं. आईचा काळा परकर उसवून अंगरखा केला, पुठ्ठ्याची उंच टोपी केली. वेद म्हणून विज्ञानाच्या चार प्रयोगवह्या होत्या. ब्रह्मदेवाकडून त्या हिसकावून मी पळालो, टोपी डोळ्यांवर घसरली आणि मी सरळ शाळेच्या पायपेटीवर जाऊन आदळलो. पेटीतून जो आवाज निघाला त्यावर त्या रात्रीचा सगळ्यात मोठा हशा झाला. मत्स्यावताराला मारायला असुर उरलाच नाही. तो कपाळाला हळद लावून घेत होता. त्या दिवसापासून पेटीची काळी चार ही पट्टी मुकी झाली. रोजच्या प्रार्थनेत तो सूर आला की संगीताचे सर माझ्याकडे पाहायचे.

१९९१ ला मुंबईत नोकरी लागली. शिवाजी मंदिर नाट्यगृहात बाल्कनीचं तिकीट काढून मी मिळेल ते पाहिलं. मच्छिंद्र कांबळींचं 'वस्त्रहरण' पाहताना आजूबाजूचे लोक खुर्चीतून घसरत होते. गावकऱ्यांनी महाभारत उभं करायचं आणि त्याची फजिती व्हायची, हे मी प्रयोगवह्यांसकट भोगलेलं असल्यामुळे मला हसूही येत होतं आणि कपाळही दुखत होतं. परळच्या दामोदर हॉलमध्ये दशावताराचे प्रयोग लागायचे, तिथे मात्र गाव भेटायचं. पण खुर्च्या समोर. बाजूला बसू का, असं विचारायला गेलो तर दारावरच्या माणसाने माझं तिकीट उलटंसुलटं करून पाहिलं. काही नाटकं मला कळली नाहीत, दोनांत मी झोपलो. वहीत तसं लिहिलेलं आहे.

आता नोकरी संपवून गावी परतलोय. वह्या अकरा झाल्या. जत्रेत आता 'ट्रिकसीनयुक्त संयुक्त दशावतार' असे फलक लागतात. वेगवेगळ्या मंडळांतले नामांकित नट एका रात्रीसाठी एकत्र येतात, धूर निघतो, नाग फणा काढतो. जुनी माणसं नाकं मुरडतात. माझं म्हणणं निराळं आहे. नागाला माझी हरकत नाही, त्याच्यासाठी पोरं पहाटेपर्यंत जागी राहतात. हरकत आहे ती टांगलेल्या माइकला. दोन राजे युद्धाला उभे राहतात आणि आवाज जाऊ नये म्हणून एकाच माइकखाली गोळा होतात. मृदंग चक्रीचा, म्हणजे युद्धातल्या गिरक्यांचा, ठेका धरून वाट बघत बसतो, पाय हलत नाहीत. पूर्वी नाटकातल्या बाकड्याला वळसा घालून अख्खं अंगण घुमायचं. हे मी एका मंडळाच्या मालकांना बोलून दाखवलं. ते म्हणाले, "मागच्यांक आयकाक येवक नको?" तेही खरंच.

मागच्या जत्रेला नेहमीप्रमाणे पेटीच्या बाजूला जाऊन बसलो. एक पोरगा आला, म्हणाला, "काका, जरा सरा, हंय धुराचा मशीन ठेवूचा आसा." मी सरकलो. पेटीवाल्याने माझ्याकडे पाहिलं, काही न बोलता आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि तेवढी जागा मला करून दिली.

बाई आता नाहीत. त्या असत्या तर हे सगळं वाचून समासात काय लिहिलं असतं, ते मला माहीत आहे: 'पिशवी कसली?' कापडी, निळी, आत पाण्याची बाटली आणि खाज्याचा पुडा.

महोत्सवाला मी येतोच आहे. व्यासपीठावर बसवू नका. अडगळीच्या खोलीत ती पायपेटी अजून असेल तर तेवढी बाहेर काढून ठेवा, आणि मधल्या काळात कुणी काळी चार दुरुस्त केली असेल तर आधी कळवा.

— एक माजी विद्यार्थी, दहावी १९८७