पेन्शनच्या कागदांत न बसणारे

पणजीतल्या एका सरकारी खात्याच्या लेखा विभागात माझ्या टेबलावर गेली बारा वर्षे प्रामुख्याने निवृत्त होणाऱ्यांचेच कागद येतात. गोव्यात सरकारी कर्मचारी साठाव्या वर्षी निवृत्त होतो. माझी तीन वर्षे उरली आहेत, आणि इतरांचे हिशेब चोख करून देणाऱ्या माणसाने स्वतःचा हिशेब मात्र मांडलाच नव्हता, हे मला यंदा प्रथमच जाणवले.

पैशांपासूनच सुरुवात केली. निवृत्तिवेतनाचा चाळीस टक्क्यांपर्यंतचा भाग विकून एकरकमी पैसे घेता येतात. कागदावर त्याला अंशराशीकरण म्हणतात, बोलण्यात सगळे कम्युटेशनच म्हणतात. दरमहा मूळ पेन्शन ३०,००० रुपये धरली, तर त्यातले १२,००० विकल्यावर त्यांच्या वर्षभराच्या रकमेला ८.१९४ या ठरलेल्या गुणकाने गुणून ११,७९,९३६ रुपये हाती येतात आणि पुढची पंधरा वर्षे दरमहा १२,००० कापले जातात, म्हणजे एकूण २१,६०,०००. व्याजाच्या भाषेत हा दर सुमारे नऊ टक्के पडतो. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एप्रिल २०२३ पासून ८.२ टक्के मिळतात. तेव्हा रक्कम घेऊन ती तिथेच ठेवणाऱ्याने थोडे थांबून विचार करावा. एकरकमी रकमेवर आयकर नाही आणि पेन्शनवर आहे, शिवाय निवृत्त व्यक्ती मधेच गेली तर कपातही थांबते, या गोष्टी दुसऱ्या पारड्यात आहेतच. महागडे कर्ज फेडायचे असेल तर मी कम्युटेशन घ्यावे असेच सांगतो. माझ्यावर कर्ज नाही, म्हणून मी अर्धेच घेण्याचे ठरवले आहे.

एवढा हिशेब एका संध्याकाळी झाला. खरी अडचण पुढे आहे. नियमाप्रमाणे पेन्शनच्या कागदांची तयारी वर्षभर आधी सुरू होते, पण माणसाची तयारी कोणी सुरू करत नाही. आमचे एक ज्येष्ठ सहकारी निवृत्तीनंतर दोन वर्षे दर आठवड्याला कदंबाच्या बसने कार्यालयात येत असत. त्यांचे एकही काम प्रलंबित नव्हते. चहा घ्यायचे, कोणाची बदली झाली ते विचारायचे आणि जेवणाच्या सुट्टीआधी उठायचे. त्यांना पैशांची ददात नव्हती. सकाळी साडेनऊला कुठेतरी पोहोचण्याची सवय तेवढी सुटली नव्हती. आम्ही मागून हसत असू, हे लिहिताना आज संकोच वाटतो.

फोंडा तालुक्यात आमचे वडिलोपार्जित कुळागर, म्हणजे सुपारीची बाग, आहे. निवृत्त झालो की त्याची नीट लागवड करू, असे मी वर्षानुवर्षे सांगत आलो. सुपारीचे रोप लावल्यापासून पीक हाती यायला पाच ते सात वर्षे लागतात, हे लहानपणापासून ठाऊक असूनही ते माझ्या वयात मिळवून पाहण्याचे कधी सुचले नाही. साठीला रोप लावले तर पहिली सुपारी पासष्टी-सदुसष्टीला. तोवर मला पोफळीवर चढता येणार नाही आणि झाडावर चढून फळे उतरवणारा पाडेली तर आजच मिनतवारी करून मिळतो. त्यामुळे यंदाच्या पावसात पंचवीस रोपे लावली, उरलेल्या जागी केळी घातल्या आणि प्रत्येक रविवारी पाटाचे पाणी वळवायला जाऊ लागलो. पहिल्या महिन्यात कंबर धरली. ती साठीनंतर धरण्यापेक्षा आता धरलेली बरी.

हे सगळे मी मोठ्या अभिमानाने पत्नीला सांगितले, तेव्हा तिने शांतपणे विचारले, "तुम्ही घरी बसलात की माझा एक चहा आणि एक जेवण वाढणार. मला पेन्शन कधी?" माझ्या कोणत्याही नमुन्यात या प्रश्नाला रकाना नव्हता. चाळीस वर्षे स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या बाईच्या निवृत्तीचा विचार आपण करतच नाही. उलट आपली निवृत्ती तिच्या कामात भर घालते.

तेव्हापासून बुधवारची रात्र आणि रविवारची दुपार माझ्याकडे आहे. भात आणि सोलकढी जमू लागली आहे. बांगड्याच्या हुमणात तिरफळे किती घालायची, यावर मात्र आमचे अजून एकमत झालेले नाही.