घशाची कोरड

सूत्रसंचालकाने आपलं नाव पुकारल्यावर माइकपर्यंत जेमतेम दहा-बारा पावलं चालायची असतात. पण नेमके तेव्हाच पाय दुसऱ्या कुणाचे असल्यासारखे पडतात, हातांचं काय करायचं ते सुचत नाही, आणि इतका वेळ शेजारच्याशी अखंड चाललेली जीभ टाळूला जाऊन चिकटते. यात शरीराचा बिचाऱ्याचा काही दोष नाही. एवढे डोळे एकदम आपल्यावर रोखले गेले म्हणजे काहीतरी संकट आलं, इतकंच त्याला कळतं. मग अॅड्रेनलिन हे संकटकाळचं संप्रेरक उसळतं, छाती धडधडते, कातडीकडचं रक्त स्नायूंकडे वळतं म्हणून बोटं गार पडतात, आणि तोंडातली लाळ आटते. पळून जाण्याची जय्यत तयारी झालेली असते. आपल्याला मात्र पळायचं नसतं, ‘सन्माननीय अध्यक्ष’ म्हणायचं असतं.

ही भीती इतकी भरवशाची आहे, की माणसाला मुद्दाम ताण द्यायचा असेल तर शास्त्रज्ञही तिलाच बोलावतात. जर्मनीतल्या ट्रिअर विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९३ मध्ये मांडलेली एक चाचणी आजही जगभर वापरली जाते. तयारीला थोडा वेळ द्यायचा, मग परीक्षकांसमोर उभं करून बोलायला लावायचं, आणि वर तोंडी वजाबाक्या करायला सांगायच्या. यातली खरी गोम परीक्षकांत आहे. त्यांनी हसायचं नाही, मान हलवायची नाही, ‘हं’सुद्धा म्हणायचं नाही. माणसाचा घाम काढायला वाघ लागत नाही, समोर मख्ख चेहरे बसवले की भागतं.

सुदैवाने खऱ्या सभेत सगळेच मख्ख नसतात. कुठल्याही सभागृहात शोधलं तर एखादं डोकं डोलताना सापडतंच. ते कुणाचं, कशासाठी डोलतंय, याची चौकशी करू नये. पहिली दोन वाक्यं सरळ त्याच्याशी बोलावीत. मग दुसऱ्या कोपऱ्यात आणखी एक डोकं सापडतं. गर्दीशी बोलता येत नाही, बोलणं एका वेळी एका माणसाशीच होतं. भाषण म्हणजे अशी एकेकाशी केलेली गोष्ट, बाकीच्यांनी कान देऊन ऐकलेली.

फितूर होतो तो हातातला कागद. हाताचा बारीक कंप एरवी कुणाच्या लक्षातही आला नसता; पण पातळ कागदाच्या वरच्या टोकाला जाईपर्यंत तो कितीतरी मोठा होतो, आणि माइक जवळ असला तर त्याची फडफड शेवटच्या रांगेतही ऐकू जाते. म्हणून मी जाड पुठ्ठ्याचे छोटे तुकडे वापरतो. कंप थांबत नाही, पण बोभाटा थांबतो.

आणि तसाही आपल्याला वाटतो तितका बोभाटा होत नसतो. केनेथ सॅविट्स्की आणि थॉमस गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये हेच दाखवून दिलं. वक्त्याला वाटतं, आपली घबराट सगळ्यांना लख्ख दिसतेय; श्रोत्यांना ती त्याहून बरीच कमी दिसते. पुढची गंमत अशी, की काही जणांना ही गोष्ट बोलण्याआधीच समजावून सांगितली, तर त्यांची भाषणंच सुधारली. स्वतःला तसं वाटलं आणि ऐकणाऱ्यांनाही. ‘घाबरू नकोस’ या सल्ल्याने आजवर कुणाचं भलं झालेलं मी पाहिलेलं नाही. ‘घाबर, पण ते दिसत नाहीये’ हा सल्ला मात्र उपयोगी पडतो.

भीती जायलाच हवी, हे तरी कुणी ठरवलं? प्राचीन रोममधला वक्ता सिसेरो याने इ. स. पूर्व ५५ मध्ये लिहिलेल्या एका संवादात क्रॅसस हा मुरलेला वक्ता कबूल करतो, की भाषण सुरू करताना आपला चेहरा पांढराफटक पडतो आणि सगळं अंग कापतं. एवढ्यावर तो थांबत नाही. जो उत्तम बोलतो, पण बोलायला उठताना जरासुद्धा बिचकत नाही, तो आपल्याला जवळजवळ निर्लज्ज वाटतो, असंही म्हणतो. हे वाचल्यापासून मी घशाच्या कोरडीशी तह केला आहे. समोरची माणसं आपला वेळ खर्चून बसली आहेत, याची जाणीव घशात अशी उमटत असेल तर उमटू द्यावी. पाण्याचा घोट घ्यावा, श्वास सावकाश सोडावा आणि सुरू करावं.

अर्थात त्याआधी तोंडाला सवय हवी. मनात घोळवलेलं भाषण फार देखणं असतं. तेच मोठ्याने म्हटलं की वाक्यं लांबतात, जोडाक्षरांवर जीभ अडखळते, आणि विनोद तर आपला आपल्यालाच ऐकवत नाही. प्राचीन ग्रीसमधला वक्ता डेमॉस्थेनिस याने तोंडात खडे धरून सराव केला, ही गोष्ट सर्वांना माहीत असते. मला त्याचा चरित्रकार प्लुटार्क याने सांगितलेली दुसरी गोष्ट जास्त आवडते. तळघरातला सराव टाकून बाहेर पडायचा मोह होऊ नये, म्हणून डेमॉस्थेनिस अर्धं डोकं भादरून घेई. तशा अवतारात जाणार कुठे!

पाठांतराचं मात्र मला भय वाटतं. २२ एप्रिल १९०४ रोजी ब्रिटनच्या संसदेत एकोणतीस वर्षांचा विन्स्टन चर्चिल पाठ केलेलं भाषण करता करता मध्येच अडकला. पुढचं काही केल्या आठवेना, तेव्हा सभागृहाचे आभार मानून खाली बसला. त्यानंतर तो सविस्तर टिपणं जवळ ठेवू लागला, आणि तीही कवितेसारख्या तुटक ओळींत मांडलेली, म्हणजे कुठे थांबायचं ते नजरेलाच कळावं. पहिलं आणि शेवटचं वाक्य तेवढं पाठ असावं. मधल्यासाठी कागद बघण्यात कसली लाज?

थांबणं हे तर निराळंच प्रकरण. वाक्य संपवून गप्प उभं राहायला फार मोठं काळीज लागतं. तीन सेकंदांची शांतता बोलणाऱ्याला युगासारखी वाटते, म्हणून तो त्यात ‘तर’, ‘म्हणजे’, ‘काय आहे ना’ कोंबत सुटतो. भाषणाच्या सरावासाठी १९२४ मध्ये सुरू झालेल्या टोस्टमास्टर्स क्लबांमध्ये असे फुकटचे शब्द मोजायला एक माणूसच नेमलेला असतो. ऐकणाऱ्याला मात्र ती शांतता हवी असते, कारण आधीचं वाक्य तो तेव्हा कुठे पचवत असतो.

आणि कायमचं थांबणं? १९ नोव्हेंबर १८६३ रोजी अमेरिकेतल्या गेटिसबर्गला प्रमुख वक्ते एडवर्ड एव्हरेट दोन तास बोलले, लिंकन दोन-तीन मिनिटं. ‘दोन शब्द बोलतो’ म्हणून अर्धा तास घेणाऱ्यांना हे ठाऊक नसतं असं नाही. पण त्यांचा घसा एव्हाना कोरडा पडायचा बंद झालेला असतो. समोर कुणी घड्याळ बघतंय, कुणी मोबाइलमध्ये डोकं खुपसलंय, मागून दोघंतिघं वाकून बाहेर चाललीत, यातलं काहीही त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. शेवटी आयोजक चिठ्ठी पाठवतात. वक्ते चष्मा सावरून ती वाचतात, घडी घालून खिशात ठेवतात आणि म्हणतात, “वेळ संपल्याची आठवण करून दिली आहे, तेव्हा आता मी मूळ विषयाकडे वळतो.”