बाजाराच्या दिवसापर्यंत

आज दुपारी वेचणीतून एक माय आणली. ओटीत कापूस तसाच, उजवा हात लुळा, शब्द फुटेना. बीपी 220/120. पोरगा रडत म्हणाला, "सिस्टर, गोळ्या सरल्या व्हत्या, म्हटलं बाजाराच्या दिवशी आनू." अरे बाबा, त्या गोळ्या आरोग्य केंद्रात फुकट मिळतात! घरी कोणाला चालू असतील तर आत्ताच डबी उघडून बघा.

बीपी लगेच उतरवावं असं वाटत होतं, पण आधी मेंदूचा सीटी स्कॅन, लकवा गुठळीचा की रक्तस्रावाचा ते बघायला. गुठळीचा लकवा असला तर ते घाईनं उतरवणं घातक. चीनमधल्या इंटरॅक्ट-4 अभ्यासात (2024) रुग्णवाहिकेतच बीपी उतरवलं, तेव्हा रक्तस्राववाल्यांना फायदा झाला, गुठळीवाल्यांना तोटा.

सीटीत रक्तच होतं. मग मात्र एक मिनिट दवडलं नाही. डॉक्टरांनी बीपी उतरवायचं औषध, लॅबेटालॉल, सुरू केलं. तासाभरात वरचं बीपी 140 पर्यंत आणायचं, 130 च्या खाली जाऊ द्यायचं नाही, नि झटक्यात तर नाहीच. दर पाच मिनिटांनी पट्टा फुगवत होते. 196. 178. मध्येच पुन्हा 184, माझ्या पोटात गोळा. मग 162, 146.

108 नागपूरकडे निघाली. नऊला पोराचा फोन आला, माय डोळे उघडून पाहते म्हणे. ओटीतला कापूस मी पिशवीत बांधून ठेवलाय.