जावयाचं नाव

“बाबांना मी आवडत नाही का?” असं त्याने विचारलं म्हणे. मला नाही, हिलाही नाही, लेकीला. आणि लेकीने ते आज दुपारी भांडी विसळता विसळता माझ्या कानावर घातलं. कारण काय, तर आल्यापासून मी त्याचं नाव एकदाही घेतलेलं नाही.

आता बोला.

पहिला धोंड्याचा महिना म्हणून नागपूरच्या या उन्हात हौसेने बोलावलं. तेहतीस अनारसे मोजून ताटात ठेवले. पाय धुवायला तांब्या घेऊन वाकलो, तर तो उडी मारून भिंतीला टेकला. कूलरसमोरची माझी जागा त्याची झाली. रात्री उठून टाकीत पाणी आहे का पाहतो, पोराला अमेरिकेतल्या ओहायोची हवा, उकडू नये म्हणून. आणि याने हिशेब काय मांडला, तर नावाचा! या घरात आपलं केलेलं कधी कुणाला दिसतच नाही. आधीही दिसलं नव्हतं, असो.

पण जावयाचं नाव घेतं कोण? माझ्या सासऱ्यांच्या तोंडी माझं नाव आल्याचं मला आठवत नाही. “या जावईबापू, बसा जावईबापू.” जरा अंतर राखायचं असलं की “पाहुण्यांना पाणी द्या.” नाव पत्रिकेत छापलं तेवढंच. म्हणून त्यांना मी आवडत नाही, असं कधी मनात आलं नाही. (आवडत नव्हतोच, पण ते वेगळ्या कारणाने.)

आमच्याकडे समोरच्याचं नाव कधी घेतात? हजेरीत. कोर्टात पुकारा होतो तेव्हा. आणि आई आडनावासकट पूर्ण नाव घ्यायची तेव्हा, ते ऐकलं की आम्ही मागच्या दाराने पसार. आजोबांचं नाव गुलाबराव, म्हणून आजी गुलाबजामला जन्मभर “ते पाकातले” म्हणत आली. ऑफिसात तीस-पस्तीस वर्षं आडनाव आणि पुढे जी किंवा साहेब. शेजारच्या टेबलवाल्याचं पाळण्यातलं नाव मला त्याच्या निरोप समारंभाच्या बॅनरवर कळलं. बाकी सगळं नागपूर ‘भाऊ’वर चालतं.

उलट, व्याही व्हिडिओवर आले की दर वाक्याला माझं नाव. कसे आहात, अमुक? छान वाटलं, अमुक. दर वेळी मी सावरून बसतो. वाटतं, आता काहीतरी चुकलेलं निघणार, नाहीतर हे विमा गळ्यात मारणार. त्यांच्या मनात मात्र माया असते, हे मला कळतं. मग माझं त्यांच्या पोराला का कळू नये?

दुपारी डोळा लागला नाही म्हणून मोबाइलवर हेच वाचत बसलो. जपानात आडनावापुढे ‘सान’ लावतात, म्हणजे आमच्या ‘वानखेडेजी’सारखंच झालं. स्वीडनमध्ये तर साहेबाला समोरासमोर “डॉक्टर कॉफी घेणार का?” असं तिसऱ्याबद्दल बोलावं तसं विचारायचे. 1967 साली ब्रूर रेक्सेड नावाचे तिथल्या आरोग्य खात्याचे प्रमुख आले आणि त्यांनी जाहीर केलं की मी सगळ्यांना ‘तू’ म्हणणार. पुढे देशभर तेच रुळलं. आमच्या ऑफिसात कुणा साहेबाने असं केलं असतं तर दुपारी युनियनची गेट मीटिंग झाली असती.

खरी अडचण ही की याच्याशी मला इंग्रजीत बोलावं लागतं. मराठीत या, बसा, घ्या म्हटलं की त्यातच मान देऊन होतो, मायाही. इंग्रजीत माझ्या हाती एक ‘यू’ उरतो, तो साहेबालाही आणि फाटकातल्या कुत्र्यालाही. मग त्या लोकांनी जवळीक दाखवायची कशात? नावातच दाखवणार. हे पटतं. पण म्हणजे इतके दिवस मी त्याला इतका मान दिला आणि त्याच्यापर्यंत काही पोचलंच नाही, हे काही केल्या पचत नाही.

परवा त्याला दीक्षाभूमीवर नेलं. 14 ऑक्टोबर 1956 ची सगळी हकिगत सांगितली. बाहेर आल्यावर विचारतो, मी वाचलं त्यात भीमराव होतं, मग हे बाबासाहेब कोण? सेवाग्रामलाही तेच. बापू कुटी कुणाची, बा कुटी कुणाची. म्हटलं, बाप्पा, माणूस आमच्या फार जवळचा झाला की त्याचं नाव आम्ही अलगद उचलून ठेवतो. तो गंभीरपणे मान हलवत होता. तेव्हाच त्याच्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता!

हिला असली अडचण नाही. पहिल्या दिवसापासून “बेटा, बेटा” चाललंय. बायकांना हे जमतं, का ते विचारू नये.

शेवटी आज रात्री पाटोडीचा रस्सा वाढताना मन घट्ट केलं आणि घेतलं नाव. आवाज असा निघाला की तो खुर्चीवरून उठून उभा राहिला. आतून ही म्हणाली, “काऊन ओरडता त्या पोरावर?” मलाही ते नाव नुसतं, उघडं घ्यायला लाज वाटली. म्हणून पुन्हा घेतलं, मागे ‘राव’ लावून. आता जरा तोंडात बसलं. लेक हसून हसून टेबलावर डोकं ठेवून बसली. त्याला मात्र ते फार आवडलं. लगेच आईला फोन लावून नवीन नाव सांगितलं. राव म्हणजे काय हे तिला समजावताना त्याची जी तारांबळ उडाली, ती मी चवीने पाहिली.

लेकीने त्याला ‘बाबा’ म्हणायला आधीच शिकवलं होतं. झोपायला जाताना त्याने त्यातही सुधारणा केली.

“गुड नाइट, बाबाराव.”

फाटकाशी शेजारचे भाऊ पाइप धरून झाडांना पाणी देत उभे होते, त्यांनी ऐकलं. पाइप तसाच सोडून बायकोला सांगायला आत गेलेत.