हार्बर लाइनवर जमवलेलं घर

जुन्या बसचं राहतं घर करायला लागलेलं जवळपास सगळं सामान आम्हाला मुंबई लोकलच्या हार्बर लाइनवर मिळालं. गाडी कुर्ल्याच्या गॅरेजात उभी, दिवे आणि कड्या रे रोडला उतरून दारूखाना नावाच्या जुन्या बाजारातून, आणि बिजागऱ्या, रबर, पाइप असला बारीक माल मस्जिदला उतरून नागदेवी स्ट्रीटवरून. प्लाय तेवढं टेम्पोने आलं.

बस म्हणजे एका शाळेने काढून टाकलेली मिनीबस. बदल करायचे तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरटीओची परवानगी आधी घ्यावी लागते, शिवाय जुन्या गाडीला पर्यावरण कर. हे एजंटशिवाय जमतं, फक्त रजा शिल्लक हव्यात.

खरी मजा सीट काढताना. प्रत्येक सीटचे बोल्ट फरशीतून आरपार जातात आणि नट खालून. म्हणजे एकाने गाडीखाली झोपून पाना धरायचा, दुसऱ्याने वरून फिरवायचं. गंजलेले बोल्ट दाद देईनात, तेव्हा गॅरेजवाल्याने ग्राइंडर लावला आणि ठिणग्यांत काम उरकलं. सीटखाली पेन्सिलीची टोकं, खोडरबर, केसांच्या पिना, आणि दगड झालेलं च्युइंगगम. ते मी पटाशीने खरवडून काढलं. मग भोकांवर पत्र्याचे तुकडे वेल्ड, त्यावर रेड ऑक्साइड, त्यावर मरीन प्लाय. प्लाय घेताना आयएस 710 चा शिक्का बघून घ्या. दुकानदार आयएस 303 वालं साधं प्लाय 'तेच हो ताई' म्हणून खपवतात, पण मुंबईच्या पावसात ते तेच राहत नाही.

जुन्या स्कूल बसमध्ये राहायचं वेड मूळ अमेरिकेचं. तिथल्या बसचा तो पिवळाधमक रंगसुद्धा 1939 साली न्यूयॉर्कमधल्या एका परिषदेत ठरलेला. त्यांचे व्हिडिओ मी महिनोन्महिने बघितले, आणि त्यातला निम्मा सल्ला इथे बिनकामाचा. त्यांची सगळी धडपड ऊब आत धरून ठेवायची, त्यासाठी बसमध्ये लाकडं जाळायची शेगडी! मे महिन्यात कुर्ल्यात उभ्या असलेल्या बसच्या टपाला हात लावून बघा म्हणावं. आम्ही छताच्या आतून नायट्राइल फोमच्या शीट चिकटवल्या, लोखंडी कमानींवरसुद्धा. कमानी उघड्या राहिल्या तर उष्णता तिथूनच आत येते. एसीचा विचार सोडून दिला. 12 व्होल्टची 100 अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी म्हणजे सव्वा युनिट वीज. तेवढ्यात एसी तास-दीड तास चालेल, तीसेक वॉटचा पंखा मात्र रात्रभर फिरून वर शिल्लक ठेवतो.

आतली मांडणी सुतारमामांची. मामा नायगावच्या बीडीडी चाळीत वाढले, 160 चौरस फुटांच्या खोलीत. बस आतून मोजली तर जेमतेम 130 भरली. मी कागदावर नकाशे काढत बसले होते. मामांनी त्यांच्याकडे बघितलंही नाही.

"आमच्या खोलीत नऊ माणसं होती. तुम्ही दोघं. नाचा."

मोरी कुठे ते त्यांनी आधी ठरवलं, बाकी घर तिच्याभोवती. पाण्याची 100 लिटरची टाकी, म्हणजे भरल्यावर 100 किलो वजन, म्हणून गॅस आणि बॅटरी समोरच्या बाजूला, नाहीतर गाडी कलते. माळा पायाकडच्या बाजूला, डोक्यावर नाही. खिडक्यांचे आडवे गज मी कापायला निघाले होते, त्यांनी ग्राइंडरच बंद करायला लावला. "कपडे कुठे वाळत घालणार?" सिलिंडरच्या कपाटाला तळाशी भोक मात्र माझ्या हट्टाने पाडलं. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला की खाली साठतो, त्यामुळे वरची जाळी काही कामाची नाही.

दारूखान्यात मोडीत निघालेल्या जहाजांचं सामान मिळतं. तिथल्या कड्या मला बसच्या कामासाठीच केल्यासारख्या वाटल्या: ड्रॉवर आधी उचलायचा, मगच उघडतो. समुद्रात हेलकाव्याने उघडू नये म्हणून ही युक्ती, आणि आपल्या रस्त्यांना ती चपखल बसते.

पहिली रात्र गोराईला काढायची ठरली. गोराई मुंबई महापालिकेत, पण रस्त्याने जायचं तर आधी मुंबई सोडून मीरा-भाईंदर, उत्तनवरून परत मुंबईत यावं लागतं. एरवी बोरिवलीहून खाडी ओलांडायला बोट, पण बोटीत बस कुठली बसायला! चालवायला त्याच शाळेचे जुने ड्रायव्हरकाका आले. स्पीड गव्हर्नर अजून तसाच, त्यामुळे वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर रिक्षासुद्धा आमच्या पुढे. काका गाडी हलवण्याआधी दर वेळी आरशातून मागे बघायचे. मागे आमचा ओटा आणि त्यावर डुगडुगणारा कुकर.

दहिसरजवळ ट्रॅफिक हवालदाराने हात केला.

"स्कूल बस ना? मुलं कुठायत?"

"पास होऊन गेली," काका म्हणाले. हवालदाराने आत डोकावून मोरी बघितली, कागद बघितले, आणि गादी कितीची ते विचारलं.

उत्तनला रस्त्याकडेला बांबूंवर बोंबील वाळत होते. वास आत शिरला तो रात्रभर मुक्कामाला राहिला. माझी तक्रार नाही, नवऱ्याची आहे. गोराईत एका वाडीच्या मालकीणबाईंनी पैसे ठरवून आत जागा दिली. काका सावली बघून माडाखाली लावत होते, तर त्या धावत आल्या. टपावर सोलरच्या काचा आणि वर नारळ! मग सुरूच्या झाडांकडे लावली, वाळू सुरू होते त्याच्या अलीकडे. ड्युअल टायर वाळूत रुतला तर क्रेनशिवाय निघत नाही.

झोप उत्तम लागली. पंखा, गजांमधून खारा वारा, आणि पुढच्या बाकावर काकांचं घोरणं.

अडचण आहे ती परत आल्यावर गाडी उभी कुठे करायची, ही. राज्याचं 2021 चं कॅराव्हॅन पर्यटन धोरण आहे, त्यात कॅराव्हॅन पार्कसुद्धा आहेत, पण रोजच्या पार्किंगला त्याचा काय उपयोग? सोसायटीने नाही म्हटलं. गॅरेजवाल्याला जागा रिकामी हवी. शेवटी भाईंदरकडे एक मोकळा प्लॉट मिळाला. मालकाने बसभोवती चक्कर मारली, आत जाऊन नळ उघडून बघितला, माळ्यावर हात फिरवला, आणि म्हणाला, "भाडं ठीक आहे. पण करार अकरा महिन्यांचा, आणि डिपॉझिट लागेल."

"अहो, गाडी आहे ही!"

"मोरी आहे ना आत?"

डिपॉझिट भरलं.