बॅरलमधली स्टाउट आणि काहिलीचा वास

परवा रात्री शेवटी ती बाटली उघडली. गूज आयलंड या शिकागोच्याच ब्रुअरीची बोर्बन काउंटी स्टाउट, म्हणजे व्हिस्कीच्या पिंपात मुरवलेली काळी कडक बिअर, दोन वर्षं बेसमेंटमधल्या कपाटात अंधारात उभी ठेवलेली. बाबा कोल्हापूरहून आलेत महिनाभरासाठी, बाहेर शिकागोची हाडं गोठवणारी थंडी, म्हटलं यापेक्षा चांगला मुहूर्त मिळायचा नाही.

पहिल्यांदा कधीतरी हीच बिअर मी थेट फ्रीजमधून काढून थंडगार प्यायलो होतो आणि नुसता कडवटपणा आणि दारूचा झटका एवढंच लागलं होतं, तेव्हापासून कानाला खडा. आता अर्धा-पाऊण तास आधी बाहेर काढून ठेवतो, 12-13 डिग्रीला आली की मगच झाकण काढायचं. आणि अर्धा लिटरची बाटली एकट्याने संपवायची नाहीच, 14 टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल आहे, लागर म्हणजे नेहमीच्या फिकट पिवळ्या बिअरच्या जवळपास तिप्पट. बुडाला फुगीर, तोंडाला निमुळते असे छोटे ग्लास घेतले, दोघांना दोन-दोन बोटं.

ओतताना खळखळ होत नाही, तेलासारखी गप्प उतरते. फेस तपकिरी, तोही मिनिटभरात विरतो आणि कडेला बारीक रिंगण उरतं. दिव्यासमोर धरली तरी आरपार काही दिसत नाही.

बाबांनी ग्लास नाकाशी नेला आणि थांबलेच. म्हणाले, "अरे, हा तर काहिलीचा वास." आमच्या गावाकडे गुऱ्हाळ लागलं की चुलवाणावर रस आटत आटत काकवी होते, आणि काहिलीच्या काठाला जो रस चिकटून करपतो त्याचा तो गोड-कडू जळका वास, अगदी तोच. मी इतकी वर्षं चॉकलेट, कॉफी, मोलॅसिस असले शब्द वापरत होतो, पण बरोबर शब्द बाबांनी एका श्वासात दिला.

मग व्हॅनिला आणि भाजलेल्या खोबऱ्याचा वास कुठून येतो ते त्यांनी विचारलं. यात काही टाकलेलं नाही बाबा, हे सगळं लाकडातून येतं. अमेरिकेत व्हिस्कीला बोर्बन म्हणायचं तर निदान 51 टक्के मका हवा आणि आतून जाळलेल्या नव्या ओकच्या पिंपातच ती मुरवावी लागते, म्हणजे एकदा वापरलेलं पिंप बोर्बनला परत चालत नाही. साधारण 200 लिटरचं ते पिंप, लाकडात व्हिस्की मुरलेली, त्यात ही स्टाउट महिनोन् महिने ठेवतात. शिकागोच्या उन्हाळ्यात बिअर लाकडात शिरते, हिवाळ्यात परत बाहेर येते, येताना व्हिस्की, व्हॅनिला, खोबरं सगळं घेऊन येते. म्हणजे ज्या थंडीला आपण रोज शिव्या घालतो तिचाही यात हात आहे.

1990च्या दशकात गूज आयलंडचा ब्रुअर ग्रेग हॉल याला शिकागोतल्या आपल्या क्लायबोर्न रस्त्यावरच्या पबमधल्या हजाराव्या बॅचसाठी काहीतरी खास करायचं होतं, त्याची गाठ जिम बीम या बोर्बन कंपनीच्या बुकर नो यांच्याशी पडली, तिथून सहा पिंपं मिळाली आणि ही सुरू झाली. आता बॅरलमधली स्टाउट जगभर करतात. इंपीरियल स्टाउट, म्हणजे हिचा मूळ कडक प्रकार, मात्र त्याहून कितीतरी जुनी. लंडनच्या थ्रेलच्या ब्रुअरीत रशियाच्या सम्राज्ञीसाठी खास पोर्टर, म्हणजे स्टाउटच्या जातीचीच काळपट बिअर, बनायची, आणि ती सात वर्षं टिकेल असं जोसेफ फॅरिंग्टन या इंग्रज चित्रकाराच्या 1796 सालच्या डायरीत लिहिलेलं आहे. तेव्हा माझी दोन वर्षं काहीच नाहीत.

पहिला घोट घेतला तेव्हा कडक भाजलेल्या माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा) कडवटपणा पुढे होता आणि छातीत उतरताना ऊब. वीस मिनिटांनी तोच ग्लास हातात धरून गरम झाला तेव्हा काळा खजूर आला, मनुका आली, आणि अल्कोहोलची धार एकदम मऊ पडली. दोन वर्षं ठेवल्याचा फायदा हाच, ताजी असताना व्हिस्की अंगावर येते. पण कॉफी किंवा फळं घातलेले प्रकार मिळतात ते असे ठेवू नयेत, कॉफीचा वास आधी उडतो, ते घेतले की लवकर संपवावेत. मला विचाराल तर साधी मूळचीच सगळ्यात भारी, तिच्यात आणखी काही घालायची गरजच नाही.

बायकोने शेंगदाण्याची चिक्की आणून ठेवली होती, आणि काय सांगू, एक तुकडा चावून वर एक घोट घेतला की दोन्हीतला जळका गोडवा एकमेकांत मिसळून जातो. चीज, ब्राउनी सगळं करून पाहिलंय याआधी, चिक्कीच्या जवळपास काही येत नाही.

दोन-दोन बोटं प्यायला आम्हाला सव्वा तास लागला. बाबा एरवी रात्री साडेनऊला झोपतात, ते पावणेअकरापर्यंत गुऱ्हाळाबद्दल बोलत बसले, आजोबा काहिलीतल्या रसाला तार आली का ते बोटांनी कसं बघायचे, लहानपणी बाबा आणि बाकीची पोरं काकवीसाठी भांडी घेऊन कशी रांगेत उभी असायची. यातलं निम्मं मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

सकाळी ग्लास धुवायला घेतले तर तळाशी काळा चिकट थर वाळला होता. बाबांनी आपला ग्लास माझ्या हातातून घेतला, एकदा हुंगला, आणि मगच परत दिला.